परक्या डब्यातली भाकर

माझी बायको परक्या माणसाच्या डब्यातलं जेवते, ही बातमी मला पंचफुलानं दिली. पंचफुला डायलिसिसच्या हॉलमधली फरशी पुसते, त्यामुळे आत काय चालतं हे तिच्याइतकं डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. तिनं पोछा भिंतीला टेकवला, इकडंतिकडं पाहिलं आणि म्हणाली, "साहेब, मी सांगतलं म्हनून कोनाले सांगू नका. पन बाई त्या बेल्याच्या सुधाकररावच्या डब्यातलं खाते. पोटभर खाते. हासते बी."

'खाते' इथपर्यंत मी सहन केलं. 'पोटभर' ऐकून बाकड्यावरून उठलो. 'हासते बी' ऐकून परत बसलो.

चंपाबाईच्या दोन्ही किडन्या थकल्यापासून तिला दिवसाआड इथं आदिलाबादला मशीनला लावतात. नातेवाइकांना आत मनाई आहे. आम्ही बाहेर बाकड्यावर बसायचं आणि दाराच्या गोल काचेतून पडदे पाहायचे. पडद्यापलीकडे चंपाबाईच्या शेजारच्या खाटेवर हा सुधाकरराव असतो, एवढंच मला माहीत होतं. मी त्याला दर खेपेला नमस्कारही करत होतो. ते नमस्कार आता मला परत घ्यावेसे वाटू लागले.

माझं दुःख समजायला माझा स्वयंपाक समजून घेतला पाहिजे. मी महसूल खात्यातून निवृत्त झालो. नोकरीत असताना मी घरात पाण्याचा पेलासुद्धा स्वतः भरून घेतला नाही, असं चंपाबाई म्हणते, आणि ते खरं आहे. पण चुलीजवळ उभं राहिलं की तिला धाप लागायला लागली, तेव्हा स्वयंपाकघराचा चार्ज मी घेतला. भाजी दोन पाण्यांत उकळायची आणि दोन्ही पाणी फेकून द्यायचं. मीठ चिमटीनं. केळं, नारळपाणी, बटाटा, टमाटा बंद. वरणही बेतानं. पोटात जायला पाहिजे तो अंड्याचा पांढरा भाग, आणि सोबत माझी ज्वारीची भाकर. हे नियम मी सरकारी जी.ओ., म्हणजे शासनाचा हुकूम, पाठ करावा तसे पाठ केले. जे गिळायला सोपं ते बंद आणि जे चावावं लागतं ते चालू, असा त्या सगळ्याचा मतलब होता, पण जी.ओ.चा मतलब पाहायची सवय मला नोकरीतही नव्हती.

भाकर मात्र मी जीव लावून शिकलो. सुरुवातीला ती परातीतून उठतच नव्हती. मग उठली, पण तव्यावर तुकड्यातुकड्यानं पोचायची. नंतर तिच्यात एक ताठपणा आला, तो तिनं पुढं सोडला नाही. भाकर ताटात ठेवली की आवाज यायचा. तो आवाज मला आवडायचा. पहाटे उठून, हात पोळून घेऊन, मी चंपाबाईच्या ताटात ती भाकर ठेवायचो आणि समोर बसून राहायचो.

चंपाबाई दोन घास खायची, तेही बराच वेळ तोंडात घोळवत, आणि म्हणायची, "झालं. पोट भरलं." उरलेली भाकर आणि अंडं ती एका फडक्यात बांधायची. कशाला, म्हणून विचारलं तर म्हणायची, "गायीले घालतो." आमच्या गल्लीत एक गाय फिरते खरी. माझ्या भाकरीवर ती चांगली सुटायला हवी होती, पण तिच्या बरगड्या होत्या तशाच मोजता यायच्या. भाकर खाणारी गाय अंडंही खाते का, हा प्रश्न मला पडायला हवा होता. नाही पडला.

इकडे चंपाबाई वाळत चालली होती. ब्लाउज खांद्यावरून घसरायला लागले, बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. डॉक्टरांनी रक्त तपासून मला आत बोलावलं. अल्ब्युमिन नावाचं काहीतरी रक्तात असतं, खाल्लेलं अंगी लागतं की नाही ते त्यावरून कळतं. ते खाली खाली चाललं होतं. डॉक्टर म्हणाले, "अंकल, मशीन रक्त साफ करेल. पण हे असंच चाललं तर साफ करायला माणूस राहणार नाही. काहीही करा, त्यांना खायला घाला." मी रात्रंदिवस दुसरं काय करत होतो?

त्यातच केळ्याचं प्रकरण झालं. एकदा अचानक चंपाबाईच्या रक्तातलं पोटॅशियम इतकं वाढलं की सगळ्यांची धावपळ झाली आणि बोलणी मला बसली. नंतर उघडकीला आलं ते असं, की शेजारच्या कुसुमबाईंनी दयेपोटी दोन केळी दिली होती आणि चंपाबाईनं ती न्हाणीघरात उभी राहून खाल्ली होती. लहान लेकरासारखं केळं चोरून खाते म्हणून मी रागावलो.  त्यानंतर चहात बिस्कीट बुडवून खाताना सापडली. पाणी मोजून प्यायचं असताना वर चहा. मी पुन्हा रागावलो. माझी भाकर सोडून ही बाई जगातलं सगळं मऊ मऊ खाते, हे माझ्या डोळ्यांसमोर होतं, पण मी त्याचा संबंध चवीशी लावला.

आणि आता हा सुधाकरराव.

सुधाकरराव म्हणजे बेला गावचा, कापसाचा मोठा शेतकरी. बायको वारलेली. पांढरं धोतर, पिळदार मिशा, आणि दात असे की या वयात ते पाहून दुसऱ्यानं आपलं तोंड मिटून घ्यावं. सकाळी हॉलमध्ये जाताना तो सगळ्यांकडे पाहून हसायचा आणि ते दात व्हरांडाभर दिसायचे. माझ्या सासूबाईंनी उभा जन्म अशाच घरांच्या शेतांत कापूस वेचला. त्या काळी त्या घरांतून पाणी मिळायचं तेही वरून, ओंजळीत. आणि आज त्यांची लेक तसल्याच घरच्या डब्यात चमचा घालून जेवत होती. समतेवर बोलायला आमच्या कॉलनीत दरवर्षी चौदा एप्रिलला मलाच उभं करतात. त्या हिशेबानं मला आनंद व्हायला पाहिजे होता. मी प्रामाणिकपणे प्रयत्न केला, पण झाला नाही. मला मत्सर वाटत होता आणि तो कोणत्याही जातीच्या माणसाचा वाटला असता.

ती त्याला भाऊ म्हणते, हे पंचफुलानं पुढच्या खेपेला सांगितलं. तो तिला ताई म्हणतो. पण अडतीस वर्षं महसुलात काढलेला माणूस नुसत्या तोंडी जबाबावर विसंबत नाही.

मशीनच्या दर दिवशी मी पंचफुलाला चहा पाजायला लागलो आणि ती मला रपट द्यायला लागली. "आज बाईनं सगळं चाटूनपुसून खाल्लं." "आज दोघं मिळून दामिनी सिस्टरची नक्कल करून राह्यले होते." एक गोष्ट मीही टिपली होती. मशीन सुरू झाल्यावर थोड्या वेळानं आतून टक्, टक्, टक् असा आवाज यायचा. आजवर मी तो मशीनचा समजत होतो. आता माझ्या लक्षात आलं, की तो आवाज थांबला की चंपाबाईचं हसणं ऐकू येतं. तेव्हापासून तो आवाज थेट माझ्या डोक्यात वाजायला लागला.

मी सल्ला घ्यायला लागलो. खरं कारण कोणाला सांगणार? "हिला माझ्या हातचं रुचत नाही," एवढंच म्हणायचो. कुसुमबाई म्हणाल्या, "भावजी, बायकोच्या आजारपनात नवऱ्यानं थोडं नीटनेटकं राहावं. मन लागते." म्हणून मी केसांना कलप लावला. तो कपाळावर ओघळला आणि आठवडाभर गेला नाही. चंपाबाईनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "बीपी तपासलं का तुमी?"

माझा जुना मित्र भारत, हा शाळेत विज्ञान शिकवायचा, त्यानं शास्त्रीय सल्ला दिला. किडनीच्या माणसाच्या तोंडाची चव जाते, म्हणून आंबट आणि तिखट झणझणीत द्यावं. मी अंड्याच्या पांढऱ्यावर लिंबू पिळलं आणि हिरवी मिरची ठेचून लावली. चंपाबाईनं पहिला घास तोंडात घातला आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ती गाल धरून बसली. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, पश्चात्ताप झाला.

पश्चात्ताप झाला असूनही पुढच्या वेळी आतून टक् टक् आलंच, आणि त्यामागून हसणंही. तेव्हा मी ठरवलं, सुधाकररावाच्या घरी जाऊन मौका पाहणी करायची. त्याची सून सुवर्णा डब्यात काय देते, ते एकदा कळलं की तेच मी करणार होतो, आणि त्याच्यापेक्षा चांगलं. ज्या दिवशी मशीन नव्हतं त्या दिवशी चंपाबाईला कुसुमबाईंच्या हवाली केलं आणि बेल्याची बस पकडली.

गावात मी उतरलो आणि कोणीतरी मला ओळखलं. महसूलवाला निवृत्त झाला हे गावाला कधीच पटत नाही. "पहानीवाले साहेब आले," म्हणत पारावरची माणसं उठली; पहानी म्हणजे आमच्याकडचा सातबारा. कोणाचं नाव चुकलं होतं, कोणाचा बांध सरकला होता, एकाला सख्ख्या भावानं कागदावर मेलेला दाखवलं होतं, आणि तो मला हात लावून पाहा म्हणत होता. मी खासगी कामाला आलोय असं म्हटल्यावर त्यांना वाटलं काम मोठं आहे. ती सगळी मिरवणूक घेऊनच मी सुधाकररावाच्या अंगणात पोचलो. सुदैवानं तो शेताकडे गेला होता.

सुवर्णानं पाणी दिलं, चहा ठेवला. मी म्हटलं, "तुमच्या सासऱ्यांच्या तब्येतीत सुधारणा दिसते. डब्यात काय देता हो तुम्ही?"

एवढं विचारायचा अवकाश, ती दारातच बसली आणि पदर डोळ्यांना लावला. "काय सांगू काका. मी काही बी दिलं तरी डबा भरलेलाच वापस येते. माह्या हातची भाकर इतकी मऊ, अख्खं गाव नाव घेते. बाबा हात नाई लावत. घरी बी म्हनते भूक नाई. आनि तिथं म्हनते कोन्या बाईच्या हातचं खाऊन राह्यले. बसच्या कंडक्टरनं सांगतलं. तुमी तं तिथंच बसता. कोन आहे हो थे बाई?"

मी चहा हातात धरून बसलो. सुधाकररावाच्या डब्यातलं सुधाकरराव खात नव्हता. माझ्या घरचं चंपाबाई खात नव्हती. म्हणजे तिथं एक तिसरा डबा होता, आणि एक तिसरी बाई होती, जी त्या दोघांना जेवू घालत होती. परतीच्या बसमध्ये मी त्या बाईचा हेवा करत आलो. मी तिला पाहिलं नव्हतं, पण तिची भाकर मला दिसत होती. पांढरी, टम्म फुगलेली, लोण्यासारखी मऊ.

आता आत शिरल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मी इन्चार्ज दामिनी सिस्टरकडे दरखास्त घेऊन गेलो. ती म्हणाली, "अंकल, इन्फेक्शन होते. नाही जमणार." मी म्हटलं, पाच मिनिटं. ती म्हणाली, इन्फेक्शनला पाच मिनिटं पुष्कळ होतात. अशी खमकी बाई आमच्या खात्यात असती तर माझी निम्मी नोकरी मान खाली घालून गेली असती.

मग मी युक्ती केली. मशीनवर पेशंटला थंडी वाजते, म्हणून प्रत्येकाचं ब्लँकेट सोबत असतं. त्या दिवशी मी चंपाबाईचं ब्लँकेट पिशवीत ठेवलंच नाही, माझ्या मांडीखाली दाबून बसलो. आत चंपाबाईला थंडी वाजायला लागली तशी दामिनी बाहेर आली. "अंकल, ब्लँकेट?" मी ते काढलं, पण हातातून सोडलं नाही. "तिला पायाकडून कसं गुंडाळायचं ते मलाच जमतं," असं म्हणालो. सिस्टरच्या मागं दुसऱ्या पेशंटचं मशीन ओरडत होतं. तिनं वैतागून मला एक गाऊन, टोपी, मास्क आणि पायात घालायच्या निळ्या पिशव्या दिल्या. "टाकून लगेच वापस या."

गाऊन मी उलटा घातला, म्हणजे नाड्या पोटावर आल्या. टोपी भुवयांपर्यंत, मास्क डोळ्यांपर्यंत. आरशात मी मलाच ओळखलं नाही. पडदा बाजूला करून आत गेलो तर चंपाबाई डोळे मिटून पडली होती. मी ब्लँकेट तिच्या पायांवर टाकलं आणि दोन खाटांच्या मधे, मशीनच्या आडोशाला उभा राहिलो.

सुधाकररावानं माझ्याकडे पाहिलं. "नवीन आले का सायेब मशीनवर?" मशीन चालवणारा नवा माणूस समजला असावा; मी हुंकार दिला. त्याचं समाधान झालं. मग त्यानं तोंडात दोन बोटं घातली आणि दात काढले. वरचे काढले, खालचे काढले, रुमालात गुंडाळले आणि खिशात ठेवले. अर्धा चेहरा खिशात गेला. ज्या दातांचा मी इतके दिवस हेवा करत होतो, ते कवळीचे होते. मग त्यानं पिशवीतून एक छोटासा लोखंडी खलबत्ता काढला. दात पडलेली म्हातारी माणसं पान कुटायला ठेवतात, तसला. त्याचा एक हात मशीनला बांधलेला, म्हणून खल मांड्यांत दाबला.

"ताई, काढा," तो म्हणाला.

चंपाबाईनं डोळे उघडले. उशाखालून तिनं एक फडकं काढलं. ते फडकं मी ओळखलं. गायीचं फडकं. त्यातून निघाली माझी भाकर आणि माझ्या अंड्यांचे पांढरे. तिचाही एकच हात मोकळा होता. ती भाकरीचा तुकडा मोडून खलात टाकायची आणि तो कुटायचा. टक्, टक्, टक्. मग अंड्याचा पांढरा, मग थेंबभर तेल. कुटून झालं की ते सगळं सुधाकररावाच्या डब्याच्या झाकणात काढून दोघं चमच्यानं खायला लागले. चंपाबाई एकामागून एक घास गिळत होती. कित्येक महिन्यांत मी तिला असं जेवताना पाहिलं नव्हतं.

"हे भाकर पाहा सायेब," सुधाकरराव मला म्हणाला. दात नसल्यानं आवाज वाऱ्यासारखा येत होता, पण शब्द कळत होते. "ताईचे मालक करते. दगड आहे दगड. पन कुटली का कसा भुगा होते. आमच्या सुनेची भाकर मऊ, कुटली का लगदा होते, टाळूले चिकटते. कवळी ढिली झाली माही, अंग उतरलं तसे हिरडे बी उतरले. लेकरांसमोर दात काढता येत नाई, म्हनून घरी उपाशी राहतो. ताईच्या तं दाढाच गेल्या. हिरडे सुजले, रगत येते. एक घास चावत नाई तिले. पन मालकाले सांगत नाई."

"काऊन?" माझ्या तोंडून निघून गेलं.

चंपाबाईचा चमचा थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं. टोपी पाहिली, मास्क पाहिला, पोटावरच्या नाड्या पाहिल्या, आणि मग पाठीमागं बांधलेले माझे हात पाहिले. लग्नापासून मी असाच उभा राहतो. तिनं ओळखलं, हे मला कळलं. पण ती माझ्याशी बोलली नाही. ती त्या नवीन सायेबाशी बोलली.

"काऊन म्हंजे सायेब, आमचे मालक पहाटे उठून भाकर थापते. हात पोळते तरी सांगत नाई. मी बिमार पडली तवापासून त्यायचं तोंड उतरलेलंच राहते. भाकर तव्यावर टाकली का तेवढा वेळ चांगलं दिसते. आता त्यायले कोन्या तोंडानं सांगू, का मले चावत नाई? थे भाकर करनं सोडून देतीन. मंग काय करतीन दिवसभर? मलेच पाहात बसतीन." तिनं चमच्यातला घास तोंडात घातला, गिळला. "भाऊले दातच नाई. त्यायले सांगाले लाज नाई वाटली."

 इतके दिवस मी मत्सर करत होतो तो माझ्याच भाकरीचा. आणि हे कळूनही तो पुरता गेला नाही. तिचं तोंड दुखतं हे त्याला माहीत होतं आणि मला नव्हतं, हे मला लागलं.

"घ्या सायेब, चाखा," सुधाकररावानं झाकण पुढं केलं. मी मास्क खाली केला. त्यानं माझं तोंड पाहिलं आणि त्याचा हात आधी खिशाकडे गेला, दात घ्यायला. घाईत खालचे वर बसवले. तेवढ्यात मागून दामिनी आली. "अंकल, ब्लँकेट टाकायला एवढा वेळ?" मग तिची नजर खलबत्त्याकडे गेली, आणि ती दुसरीकडे पाहायला लागली. खलबत्ता आणू नये असा नियम नाही, हे तिनं मला बाहेर सोडताना हळूच सांगितलं. म्हणजे तिलाही माहीत होतं.

दुसऱ्याच दिवशी मी चंपाबाईला दाताच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. त्यांनी दिवा लावून आत पाहिलं आणि मलाही पाहायला लावलं. मी जन्मभर लोकांचे बांध पाहिले, नाले पाहिले, कोणाची विहीर कोणाच्या हद्दीत आहे ते वाकून पाहिलं. बायकोच्या तोंडात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. दाढा आतून पोखरलेल्या, हिरड्या लाल, गालाच्या आत फोड. लिंबू आणि मिरची मी यावर लावली होती.

डॉक्टर म्हणाले, पाणी कमी प्यायचं म्हणून तोंड कोरडं पडतं, कोरड्या तोंडात दात लवकर किडतात. दुखलं की माणूस चावत नाही, चावलं नाही की अंगात काही जात नाही, आणि मग लोक भूक मेली म्हणतात. "दाढा काढाव्या लागतील. पण आधी किडनीच्या डॉक्टरांना विचारून या." किडनीचे डॉक्टर म्हणाले, "कधी काढणार ते विचारून या." दातांचे डॉक्टर म्हणाले, मशीन कधी आहे ते विचारून या. मशीनच्या वेळी रक्त पातळ करायचं औषध देतात, त्या दिवशी दाढ काढली तर रक्त थांबत नाही, हे दोघांनाही माहीत होतं, पण प्रत्येकाला ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं. हा खेळ मी नोकरीत अनेकांशी खेळलो होतो. आता माझ्याशी खेळला जात होता आणि त्यात काही मजा नव्हती. शेवटी मशीनच्या दुसऱ्या दिवशी दाढा काढायचं ठरलं. चंपाबाई खुर्चीत बसली आणि माझा हात धरला. मी डोळे मिटून घेतले, तिनं नाही.

हिरड्या भरून येईपर्यंत तिला कुटूनच द्यायचं होतं. मी बाजारातून खलबत्ता आणला, सुधाकररावाच्यापेक्षा मोठा, मुद्दाम पितळेचा. घामाघूम होऊन कुटलं. चंपाबाईनं खाल्लं, वाटी पुसून खाल्लं, आणि म्हणाली, "चांगलं आहे. भाऊच्या हातचं जरा बारीक होते." मी तेच पुन्हा कुटलं.

सुवर्णाला मी फोन केला. तिचा सासरा आता घरी दात काढून जेवायला तयार झाला होता, पण तिच्या मनातला काटा निघाला नव्हता. "काका, थे बाई कोन होती थे कळलं का?"

"सुवर्णा," मी म्हटलं, "ती बाई मीच आहे."

 मग तिनं विचारलं, "भाकर कशी करता तुमी, काका?" माझ्या भाकरीची कृती आजवर कोणी विचारली नव्हती.

जखमा भरल्यावर चंपाबाईला खोट्या दातांची पट्टी बसली. अल्ब्युमिन हळूहळू चढायला लागलं होतं. डॉक्टरांनी कागद पाहिला, मान हलवली आणि मला काही बोलले नाहीत, याच्यापेक्षा मोठी शाबासकी मला त्यांच्याकडून मिळालेली नाही. घरी आल्यावर मी ताट वाढलं आणि समोर बसलो. चंपाबाईनं भाकरीचा तुकडा मोडला, तोंडात घातला आणि चावला. कडकन आवाज आला. तिनं पुन्हा चावला. मग तोंड वाकडं करून माझ्याकडे पाहिलं.

"काऊन हो, येवढी कडक करता भाकर?"

मी स्वयंपाकघराचा चार्ज घेतल्यापासून तिनं ठेवलेलं हे पहिलं नाव. मी उठून मोरीपाशी गेलो आणि तोंड धुतलं, कारण डोळे भरून आले होते. परत येऊन म्हटलं, "शिकव मग." ती पाटावर बसून सांगायला लागली, मी थापायला लागलो. कोमट पाण्यात पीठ भिजवायचं हे मला तोवर कोणी सांगितलंच नव्हतं.

आता माझी भाकर मऊ होते. पण सुधाकररावाची नवी कवळी अजून यायची आहे, आणि त्याला कुटायला जुनीच लागते. म्हणून मशीनच्या दिवशी मी दोन भाकरी करतो, एक मऊ, एक कडक. खरं सांगायचं तर हात बसल्यावर कडक जमणं अवघड झालंय, ती मुद्दाम बिघडवावी लागते. आज पहाटे पीठ मळत होतो तर आतून चंपाबाईचा आवाज आला, "भाऊची पहिले थापा, थंडी झाली का चांगली वाळते."

बरं, म्हटलं. आणि चंपाबाईचीच पहिले थापली.